अंदाज लाखाचा, बिल दोन लाख बारा हजारांचं: पुण्यातल्या हॉस्पिटल बिलांचं करायचं काय?

शर्वरी_कर्वेनगर

आधीच सांगून टाकते, ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, सर्जनबाईंचा हात उत्तम, आई घरी येऊन पुन्हा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागली आहे. तक्रार आहे ती बिलाबद्दल.

ओपीडीच्या काउंटरवर अंदाज दिला होता ९५ हजार ते १ लाख १० हजार, दोघांच्या खोलीचा. ॲडमिट व्हायच्या सकाळी कळलं की दोघांची खोली शिल्लक नाही, सिंगल घ्या, रोजचे साडेसात हजार. खोलीभाड्यात काही हजारांचा फरक पडेल इतकंच वाटलं. शेवटचं बिल आलं २,१२,४०० रुपये.

मोठे आकडे देते: खोली २२,५०० आणि त्यावर जीएसटी १,१२५, सर्जन ६०,०००, असिस्टंट १२,०००, भूल १८,०००, ओटी (ऑपरेशन थिएटर) ३२,०००, व्हिजिट ९,०००, तपासण्या १४,०००, औषधं आणि कन्झ्युमेबल्स ४१,३००. उरलेले किरकोळ, म्हणजे 'एमआरडी (रेकॉर्ड विभाग) चार्जेस', 'ॲडमिन' वगैरे.

त्याच सर्जनबाई, तेच ओटी, तेच टेबल, तेवढाच वेळ. दोघांच्या खोलीतल्या पेशंटसाठी त्यांची फी ३५ हजार, सिंगलमधल्या पेशंटसाठी ६० हजार. आईच्या पित्ताशयाला कसं कळलं की ती नंतर कुठल्या खोलीत झोपणार आहे?

काउंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, क्लास बदलला की सगळेच रेट बदलतात, सिस्टिमच तशी आहे." पाच लाखांचा मेडिक्लेम असूनही ६५ हजारांच्या आसपास खिशातून गेले. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीचं, कपातीचं पत्र वाचून काहीही उमगत नाही.

प्रश्न दोनच. हे कायद्यात बसतं का? आणि पैसे भरून झाल्यावर आता काही करता येतं का?

(नाव विचारू नका. नदीच्या अलीकडचं आहे, एवढंच.)

टिळकरोडवाला

बिलाची पानं तरी मिळाली? नशीबवान आहात. आम्हाला 'सर्जिकल पॅकेज' अशी एक ओळ आणि खाली गोल शिक्का मिळाला होता.

व्यवस्थापक

चर्चा चांगली आहे, चालू द्या. फक्त स्वतःच्या अनुभवातल्या हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं नकोत. गेल्या वेळी अशाच धाग्यावर वकिलाची नोटीस आली होती.

निवृत्त_लेखापाल

शर्वरीताई, पैसे भरले म्हणजे हिशोब संपला असं नसतं. उद्याच बिलिंग विभागाला ईमेल करा, तोंडी बोलू नका. दोन गोष्टी मागा. एक, फार्मसीचं तारीखवार आणि वस्तूवार बिल, परत केलेल्या मालाच्या नोंदीसकट. दोन, केसपेपरची पूर्ण प्रत, त्यात नर्सिंग चार्ट आणि ओटी नोट्स हव्यात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड मागितल्यापासून ७२ तासांत द्यावं लागतं.

मग रविवारी दुपारी चहा घेऊन दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. वॉर्डातून फार्मसीकडे माल मागवला जातो तो ढोबळ अंदाजाने. प्रत्यक्ष वापरला जातो तो मागवल्यापेक्षा कमी. उरलेला परत जातो, निदान जायला हवा, आणि त्याची वजावट तुमच्या बिलात दिसायला हवी. माझ्या मेव्हण्याच्या बिलात एका दिवसात इतके ग्लोव्हज लावले होते की वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला शतभुजाच म्हणावं लागलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी पेशंट घरी वरणभात खात असताना संध्याकाळची इंजेक्शनंही लागली होती. दाखवल्यावर मुकाट्याने काढली. दिलगिरी वगैरे नाही, फक्त "सिस्टिममध्ये ऑटो इंडेंट पडला असेल".

आता कायदा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे १९४९ चा. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि खाट, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, ऑक्सिजन अशा १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुणे शहरात नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, म्हणून त्या नियमांखालची तक्रारही तिथेच. पण नीट वाचा, नियम म्हणतो दर *लावा*. दर *किती* असावा याबद्दल चकार शब्द नाही.

टिळकरोडवाला

दरपत्रक लावलेलं असतं हो. लिफ्टच्या मागे, कुंडीच्या वर, दहाच्या फाँटमध्ये.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे. पुण्यातल्या छोट्या-मोठ्या बऱ्याच हॉस्पिटलांत पेट्या उचलून फिरतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

शर्वरीताईंचा खोलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं वैद्यकीय उत्तर नाही. उत्तर व्यापारी आहे. जनरल वॉर्डातल्या पेशंटकडून सर्जन, भूल, ओटी सगळं कमी घ्यायचं आणि सिंगल-डिलक्सवाल्याकडून ते भरून काढायचं, अशी ही जुनी पद्धत. मूळ कल्पना वाईट नव्हती, ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं. पण तेव्हा खोली पेशंट निवडायचा. आता बऱ्याच ठिकाणी खालच्या वर्गाच्या खोल्याच इतक्या कमी ठेवतात की "शिल्लक नाही" हे वाक्य रोजचं झालंय. आणि मेडिक्लेम आहे म्हटल्यावर पेशंटही फारसं विचारत नाही.

दुसरी बाजूही ऐका. माझ्या मित्राचं सिंहगड रोडला वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. जागेचं कर्ज, तीन पाळ्यांतल्या सिस्टर, रात्रीचा आरएमओ, फायर एनओसी, जैववैद्यकीय कचऱ्याचे पैसे, एनएबीएच हे दर्जाचं प्रमाणपत्र हवं तर त्याचा वेगळा खर्च, लिफ्टचं एएमसी, जनरेटर. खाटा निम्म्या रिकाम्या असल्या तरी हे सगळं चालूच. टीपीएकडून पैसे यायला महिने लागतात. त्याच्याकडे हेच ऑपरेशन तुमच्या पहिल्या अंदाजाच्या आत झालं असतं. पण लोकांना लॉबीत कॉफी शॉप हवं असतं, ते त्याच्याकडे नाही. छोटी हॉस्पिटलं पुण्यात एकेक करून बंद पडताहेत किंवा विकली जाताहेत, त्याचं कोणाला फारसं वाईट वाटताना दिसत नाही.

मोठ्या साखळी हॉस्पिटलांत काय चालतं तेही सांगतो, कारण ते मला पटत नाही. तिथे महिन्याची मीटिंग असते. ओपीडीत किती पेशंट पाहिले, त्यातले किती ॲडमिट केले, किती तपासण्या लिहिल्या, भरलेल्या एका खाटेमागे रोजचं उत्पन्न किती. या शेवटच्या आकड्याला एआरपीओबी म्हणतात, शेअर बाजारातल्या मंडळींना तो तोंडपाठ असतो. कोणी तुम्हाला "अनावश्यक ऑपरेशन कर" असं सांगत नाही. फक्त तुमचा आकडा पडद्यावर लाल रंगात दिसतो, शेजारच्याचा हिरव्या. तरुण डॉक्टर, डोक्यावर खासगी कॉलेजच्या फीचं कर्ज. पुढचं सांगायला नको.

शर्वरी_कर्वेनगर

डॉक्टर, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. पण ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं हे ठरवायचा हक्क मला आधी मिळायला हवा ना? सकाळी सात वाजता, उपाशी पेशंट व्हीलचेअरवर बसलेला असताना "सिंगल घ्या नाहीतर तारीख पुढे" हा काही पर्याय नाही. आणि सर्जनची फी वाढेल हे तेव्हाही सांगितलं नाही.

कात्रजचा_कट्टेकरी

> पुढचं सांगायला नको

नाही, सांगाच. कट प्रॅक्टिसबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतो त्याचे किती टक्के?

भूलवाला

आहे. नाकारत नाही. काही ठिकाणी रोख, काही ठिकाणी 'रेफरल फी' म्हणून चेकने, काही ठिकाणी परदेशी परिषदेच्या तिकिटाने. सगळे घेत नाहीत, पण जे घेत नाहीत त्यांचं जमणं अवघड होत जातं. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता. मसुदाच राहिला. आमच्या संघटनांनीही त्यासाठी रस्त्यावर उतरून काही आग्रह धरला नाही, हेही लिहून ठेवतो.

औंधकर_जुना

या सगळ्याची गोम मालकीत आहे. पूर्वी हॉस्पिटल म्हणजे एखाद्या डॉक्टरचं किंवा ट्रस्टचं. आता ती गुंतवणूक आहे. आपल्या पुण्याचंच घ्या. सह्याद्री समूह इथल्याच डॉक्टरांनी उभा केला. २०१९ मध्ये त्यात एव्हरस्टोन ही गुंतवणूक कंपनी आली, २०२२ मध्ये तो कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतला आणि २०२५ मध्ये मणिपालने विकत घेतला. सगळं कायदेशीर, उघड, पेपरात छापून आलेलं. त्या हॉस्पिटलांतल्या उपचारांबद्दल मी काहीही म्हणत नाहीये. पण मधली काही वर्षं पुणेकरांच्या ॲडमिशनमधून कॅनडातल्या निवृत्त मास्तरांची पेन्शन पिकत होती, हे मला अजून पचत नाही. गुंतवणूकदार काही वर्षांत बाहेर पडायच्या बेतानेच येतो. पैसा घातला त्याच्या दुपटी-तिपटीने काढायचा असतो. तो कुठून निघणार? खाटेमागच्या उत्पन्नातूनच.

मुक्तछंद_बावधन

मग काय, भांडवल आणायचं नाही? रोबोटिक सर्जरी, पेट स्कॅन, ट्रान्सप्लांट हे सगळं पुण्यात आलं ते कशामुळे? वीस वर्षांपूर्वी लोक मुंबईला धावायचे. दरांवर सरकारने बंधनं घातली की दर्जा घसरतो हे साधं अर्थशास्त्र आहे.

औंधकर_जुना

साधंच आहे, म्हणून तर लागू पडत नाही. भाजी महाग वाटली तर मी दुसऱ्या गाड्यावर जातो. छातीत दुखत असताना कोण तीन कोटेशनं मागवतो?

आणि बंधनांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधल्या. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी औषधवाल्या स्टेंटचे लाखाच्या वर पैसे लावले जात. बोंब झाली की आता चांगले स्टेंट येणार नाहीत. अँजिओप्लास्ट्या काही थांबल्या नाहीत.

निवृत्त_लेखापाल

औंधकरांना दुजोरा, पण पुढची गंमतही सांगतो. याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. औषध कंपन्या लुटतात असं आपण म्हणतो, पण अहवालाचा रोख हॉस्पिटलांवर होता. हॉस्पिटल घाऊक माल घेतं ते छापील किमतीच्या बऱ्याच खाली, आणि छापील किंमत चढी असली तर हॉस्पिटलचंच भलं, म्हणून कंपन्याही ती चढीच छापतात. मग पेशंटला सांगतात, "एमआरपीच्या वर एक पैसा घेतला नाही." खरंच नसतो घेतलेला.

स्टेंटवर टोपी बसली, आता पैसे दुसऱ्या ओळीत जातात. ओटी चार्जेस बघा शर्वरीताईंचे.

मुक्तछंद_बावधन

म्हणजे तुम्हीच सांगताय की एक भोक बुजवलं की दुसरं पडतं. माझा मुद्दा तोच होता.

निवृत्त_लेखापाल

तुमचा मुद्दा भोकं तशीच ठेवावीत असा होता.

न्यूजर्सीकर

इकडे माझ्या मुलाला हाताला टाके पडले, इमर्जन्सीचं बिल पाहून मला टाके घालायची वेळ आली होती. त्या मानाने पुणे स्वर्ग आहे. आम्ही दातांची सगळी कामं तिकडे येऊनच करतो.

टिळकरोडवाला

करा की. तुमच्यामुळेच दातांचे रेट वाढलेत.

प्रीमियम_भरणारी

मी विमा कंपनीत क्लेम्सला होते, आता सल्ल्याचं काम करते. शर्वरी, तुझे ६५ हजार कुठे गेले ते सांगते.

पॉलिसी पाच लाखांची आणि बहुतेक जुनी आहे. त्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का असणार, म्हणजे दिवसाला पाच हजार. तू घेतलीस साडेसात हजारांची. कंपनी म्हणते, आमच्या मर्यादेत दोन तृतीयांश बसतं, म्हणून खोलीशी जोडलेले सगळे खर्चही दोन तृतीयांशच देणार. सर्जन, असिस्टंट, भूल, ओटी, व्हिजिट मिळून १ लाख ३१ हजार होतात. त्याचा एक तृतीयांश, जवळजवळ ४३,७०० गेले. खोलीतला फरक साडेसात हजार, वर जीएसटीचा काही भाग. बाकी ग्लोव्हज, मास्क, ॲडमिन असल्या 'नॉन-पेएबल' गोष्टी. झाले ६५.

आता पत्र पुन्हा वाच. विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथे तर मुळीच नाही. तुझ्या ४१,३०० किंवा १४,००० मधून एक तृतीयांश कापला असेल तर ते चूक आहे, लगेच लिही.

कंपनीने ऐकलं नाही किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत. फी नाही, वकील लागत नाही. लोक ग्राहक मंचाचं नाव काढतात आणि थकून गप्प बसतात, इथे कोणी जातच नाही.

अजून एक, सगळ्यांसाठी. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देणं कंपनीला बंधनकारक आहे. तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचे. "टीपीएचं अप्रूव्हल आलं नाही म्हणून आणखी एक दिवसाचं भाडं" असं कोणी सांगितलं की हे आठवा.

आणि पॉलिसी बदलायचा विचार कर. खोलीची मर्यादा नसलेल्या पॉलिसी मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

कात्रजचा_कट्टेकरी

हप्त्यावरचा जीएसटी गेला आणि माझा हप्ता मात्र तेवढाच राहिला. मूळ प्रीमियमच वाढवला. कोणाला सांगायचं?

मांजरीकर

तुमचं सगळं लाखाचं चाललंय म्हणून गप होतो. आमचंही ऐका. मेडिक्लेम नसलेला माणूस काय करतो ते.

मी टेम्पो चालवतो. चुलतभावाला सोलापूर रोडला गाडीने उडवलं. जवळचं मोठं हॉस्पिटल ट्रस्टचं. काउंटरवर पहिलाच प्रश्न, डिपॉझिट किती भरताय? पोरगं स्ट्रेचरवर. गावाकडून पैसे गोळा करायला फोन लावत बसलो. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक ताई आली, ती आरोग्याच्या संघटनेत काम करते. तिने सांगितलं, दादा, हे धर्मादाय आहे, सोशल वर्करला भेट आणि 'आयपीएफ' म्हण.

सोशल वर्करचं टेबल शोधायलाच वेळ गेला. तिथे उत्तर, कोटा संपलाय. ताई म्हणाली, मग तसं लिहून द्या. लिहून द्या म्हटल्यावर कोटा निघाला. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आणायला लावलं. शेवटी निम्मं बिल माफ झालं. निम्मं भरलं, ते कर्ज अजून चालू आहे.

मला एवढंच विचारायचंय, ही गोष्ट आम्हाला दारातच का सांगत नाहीत?

निवृत्त_लेखापाल

मांजरीकर, तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. नियम सगळ्यांना कळावा म्हणून लिहितो.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना. धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. त्याचा खर्च 'इंडिजंट पेशंट फंड'मधून, म्हणजे त्या आयपीएफमधून, ज्यात हॉस्पिटल आपल्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढतं. म्हणजे तो पैसा शर्वरीताईंसारख्यांच्या बिलातूनच जमा झालेला असतो, मालक मंडळींचा उपकार नाही. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. इमर्जन्सीत तर आधी दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार करायचे, अशा रुग्णाकडे डिपॉझिट मागायचंच नाही. या बदल्यात ट्रस्टला जमीन, कर, एफएसआय यांत सवलती मिळतात. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे.

एप्रिल २०२५ मध्ये इथल्याच एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर डिपॉझिटवरून केवढं वादळ उठलं ते आठवत असेल. त्यानंतर काही दिवस सगळ्या काउंटरवरची भाषा मवाळ झाली होती.

मांजरीकर

आता पुन्हा होती तशीच आहे.

सिस्टर_मंगळवारपेठ

सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झाले. ससूनबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं नाही. इथल्या निम्म्या लोकांनी ते स्टेशनला जाताना रिक्षातूनच पाहिलेलं असणार.

१८६७ सालचं हॉस्पिटल आहे. अर्ध्या पश्चिम महाराष्ट्रातले पेशंट तिथे येतात. एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात हे खरं. बाथरूमची अवस्था काय असते ते मला विचारू नका. पण तिथल्या निवासी डॉक्टरांनी जितक्या भाजलेल्या, चिरडलेल्या, साप चावलेल्या माणसांना उभं केलंय तितकं तुमच्या लॉबीवाल्यांनी केलेलं नाही.

खासगीत दर का वाढतात याचं माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. पर्याय नाही म्हणून. कमला नेहरू, वायसीएम ही महापालिकांची हॉस्पिटलं नीट चालली, तज्ज्ञांच्या जागा भरल्या, रात्री दोन वाजता सोनोग्राफी झाली, तर त्या क्लास-बिस वाल्यांना दर खाली आणावेच लागतील. पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे लोक तिथे जात नाहीत, म्हणून ती सुधारत नाहीत. नगरसेवकाची आई कधी कमला नेहरूत ॲडमिट झाली का?

प्रीमियम_भरणारी

सिस्टर, शंभर टक्के. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही लक्षात आणून देते. १ जुलै २०२४ पासून ती पिवळ्या-केशरीपुरती नाही, राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. शर्वरी, तुझ्या आईलाही लागू आहे.

भूलवाला

कागदावर आहे. त्या योजनेतले पॅकेजचे दर आणि पैसे यायला लागणारा वेळ बघता बरीच खासगी हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, आणि येतात ती मोजक्या विभागांपुरती. दर बांधा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं. खर्चाचा हिशोब न करता बांधलेला दर कोणी पाळत नाही. कोविडमध्ये राज्याने दर बांधले होते, वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. आम्हीच तेव्हा ओरडलो. पण खरं सांगायचं तर बहुतेक हॉस्पिटलं त्या दरांतही तगली. काहींनी पीपीई किटच्या ओळीत कसर भरून काढली, तो भाग निराळा.

मुक्तछंद_बावधन

केंद्राच्या आकडेवारीनुसार लोकांच्या खिशातून जाणारा आरोग्यखर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. परिस्थिती सुधारतेय, इतकं काळं चित्र रंगवायची गरज नाही.

मांजरीकर

ही टक्केवारी सावकाराला दाखवू का?

शर्वरी_कर्वेनगर

मध्यंतरी काय झालं ते कळवते. ईमेल केल्यावर बिलिंगवाल्यांनी आधी "तुमची फाइल क्लोज झाली" म्हणून उडवून लावलं. ७२ तासांच्या नियमाचा उल्लेख करून दुसरी मेल टाकली, तेव्हा केसपेपर मिळाले. फार्मसीतल्या ४१,३०० पैकी ६,८०० रुपयांचं सामान वापरल्याची नोंद कुठेच नव्हती. एक स्टेपलर कार्ट्रिज तर ओटी नोट्समध्ये नाहीच. ते पैसे परत आले.

विमा कंपनीने तपासण्यांवरही एक तृतीयांश कापला होता, साधारण ४,७००. प्रीमियमताईंनी सांगितलं तसं लिहिलंय. उत्तर आलं नाही तर नारायण पेठ.

सर्जनच्या फीबद्दल मात्र काहीही झालं नाही. मॅनेजर भेटले, चहा पाजला, दरपत्रक दाखवलं. त्यात सिंगलचे ६० हजार छापलेले आहेत. नियमाप्रमाणे दर लावलेला आहे, म्हणजे विषय संपला. महापालिकेकडे तक्रार केली आहे की अंदाज देताना वर्गानुसार फरक सांगितला नाही. पोच मिळाली.

टिळकरोडवाला

पोच जपून ठेवा. महापालिकेत पोच मिळणं हाच निकाल असतो.

नाना_सहकारनगर

सगळा धागा वाचला. माझे दोन्ही गुडघे बदलायचे म्हणताहेत, पुढच्या महिन्यात. वय ७२. कोटेशन आलंय, त्यात 'इम्प्लांट ॲज पर ॲक्च्युअल' लिहिलंय. आधीच काय काय विचारून घेऊ?

भूलवाला

नाना, पहिलं म्हणजे दोन्ही एकदम की एकेक, हे सर्जनबरोबर फिजिशियनलाही विचारा. एकदम केलं तर बिल कमी येतं, पण ते हृदयाची तपासणी बघून ठरवायचं, कोटेशन बघून नाही. दुसऱ्या ठिकाणीही दाखवून घ्या, आणि ते पहिल्या डॉक्टरने सुचवलेलं नसावं.

निवृत्त_लेखापाल

'ॲज पर ॲक्च्युअल' अजिबात चालवून घेऊ नका. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीही ऑगस्ट २०१७ पासून बांधलेल्या आहेत. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याची मर्यादा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती, आजची विचारा. कंपनी, मॉडेल आणि प्रत्येक भागाची किंमत लेखी घ्या, ऑपरेशननंतर त्यांचे स्टिकर केसपेपरवर लावलेले आहेत ना ते बघा. मग खोलीच्या प्रत्येक वर्गाला सर्जन, भूल, ओटी यांचे दर वेगवेगळे लिहून मागा, आणि ठरलेली खोली त्या दिवशी नसली तर कुठल्या दराने बिल करणार हेही त्याच कागदावर. फिजिओथेरपी पॅकेजमध्ये आहे का, किती दिवसांची. औषधं बाहेरून आणली तर चालतील का. चालतील म्हणाले तर सदाशिव पेठेच्या घाऊक बाजारातल्या दुकानांत एकदा चौकशी करा.

प्रीमियम_भरणारी

आणि नाना, सत्तरीच्या वरच्यांना सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. कार्ड आजच काढा. मग तुमचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का आणि गुडघ्याचं पॅकेज तिथे करतात का, हे कोटेशन देणाऱ्या काउंटरवर नाही, योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. तो प्रत्येक संलग्न हॉस्पिटलात बसलेला असतो.

नाना_सहकारनगर

आरोग्यमित्र कुठे बसतो?

मांजरीकर

सोशल वर्करच्या टेबलाजवळ बघा. नाही सापडला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी येतो बरोबर.